घरून काम करणाऱ्या मैत्रिणींनो, टेबलावरचा कॉम्प्युटर घ्या

मी पुस्तकांची मांडणी करते. अक्षरजुळणी, प्रूफातल्या दुरुस्त्या, पानं लावणं आणि शेवटी छापखान्याला पीडीएफ देणं, हे सगळं पुण्यात घरी बसून. इतकी वर्षं हे काम लॅपटॉपवर चाललं. यंदा दिवाळी अंकांची गडबड सुरू व्हायच्या आत मी लॅपटॉप बाजूला ठेवून छोटा डेस्कटॉप घेतला. टेबलाखाली पाय अडवणारा मोठा टॉवर नव्हे. अठरा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड असा डबा, ज्याला हल्ली सगळे मिनी पीसी म्हणतात. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतायत, "अगं, आता कोण डेस्कटॉप घेतं?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथं सविस्तर लिहिते, कारण मला हे मनापासून सांगावंसं वाटतंय.

लॅपटॉप कुठंही नेता येतो, याचं सगळ्यांना कौतुक. घरून काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होतो की तिला कुठूनही उठवता येतं. पाहुणे आले, डायनिंग टेबल रिकामं कर. मुलाची परीक्षा आहे, त्याला टेबल दे. दुपारी आतल्या खोलीत कुणाला पडायचंय, तर तू बाहेर बस, तुझा काय, लॅपटॉपच तर आहे. यात घरातलं कुणी वाईट वागत नसतं. माझ्या घरची माणसं तर खूपच सांभाळून घेणारी आहेत. पण वस्तू उचलता येते म्हटल्यावर ती उचलायला सांगणं कुणालाच जड जात नाही, आणि "हो, उठते" म्हणणं आपल्यालाही सवयीचं होऊन जातं.

या उठबशीत काम किती सांडतं ते ज्या करतात त्यांनाच माहीत. प्रूफाचा गठ्ठा डाव्या हाताला, लाल पेनाच्या खुणा बघत दुरुस्त्या चालल्यात, आणि मध्येच उठायचं. चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह, कागद असं सगळं उचलून गॅलरीत जायचं. पुन्हा बसल्यावर कितव्या पानावर होतो, कोणती दुरुस्ती झाली, कोणती राहिली, हे शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. लेखकाने काढायला सांगितलेला परिच्छेद तसाच छापला गेला तर दोष मांडणीवालीकडे येतो, आणि तो यायलाच हवा. म्हणून काम करताना एका जागी बसायला मिळणं ही मला चैन वाटत नाही. ती कामाची अट आहे.

डेस्कटॉप आला तो हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ. इलेक्ट्रिशियन बोलावून तिथं वेगळा बोर्ड काढून घेतला. मॉनिटर, डबा, यूपीएस, राउटर सगळं तिथंच. टेबलाच्या एका बाजूला प्रूफांचे ट्रे, भिंतीवर चालू कामांच्या तारखा. आता तिथून मला "जरा तिकडे बसतेस का" असं कुणी म्हणत नाही, कारण ते सगळं उचलून कुठं जाणार? परवा सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "ती कामावर बसलीये, तासाभरानं करा." आधी त्याच फोनवर "घरीच आहे की, देते" असं असायचं. आमच्यात यावर एका शब्दाची चर्चा झालेली नाही.

आता शरीराबद्दल. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, हीच मूळ अडचण. हात नीट ठेवायचे तर पडदा छातीपाशी येतो आणि मान खाली जाते. पडदा डोळ्यांसमोर आणायचा तर हात खांद्यापर्यंत वर जातात. थोडा वेळ काम करणाऱ्याला ते चालून जातं. दिवसभर पानं लावणाऱ्या माणसाची मान धरते, मग खांदा, मग बोटांना मुंग्या. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की ते पहिला सल्ला देतात तो असा, की लॅपटॉप स्टँडवर ठेवा, कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. सल्ला बरोबर आहे. पण स्टँड, वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस, त्यात भर म्हणून बाहेरचा मॉनिटर, एवढं घेतल्यावर आपण डेस्कटॉपच मांडलेला असतो. फरक इतकाच, की त्याच्या पोटात एक न वापरला जाणारा पडदा, एक न वापरला जाणारा कीबोर्ड आणि सतत तापणारी बॅटरी यांचे पैसेही आपणच भरलेले असतात.

मांडणीच्या कामात पडद्याचा आकार हा निव्वळ सोयीचा प्रश्न नसतो. डेमी पुस्तकाचं पान साधारण साडेआठ इंच उंच असतं. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा उंचीला सुमारे साडेसात इंच भरतो, १४ इंचीचा तर सातसुद्धा नाही. म्हणजे पुस्तकाचं एक पान खऱ्या आकारात त्यावर मावतच नाही. वर-खाली सरकवत बघायचं, नाहीतर लहान करून. लहान केलं की अनुस्वार आणि रफार डोळ्यांना फसवतात, 'रु' आणि 'रू' यांतला फरक कळत नाही. २४ इंची मॉनिटरची उंची पावणेबारा इंच. डावं-उजवं अशी दोन्ही पानं खऱ्या आकारात शेजारी शेजारी उभी राहतात. समास सारखे आहेत का, एका पानाची शेवटची ओळ दुसऱ्याशी जुळतेय का, परिच्छेदाचा एकटा शब्द पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसलाय का, हे नजरेच्या एका फेरीत दिसतं. पहिल्याच आठवड्यात एका कथासंग्रहाची पानं अशी समोर आली तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. छापून आलेलं पुस्तक हातात घेऊन पाहावं तसं ते दिसत होतं.

बॅटरीबद्दल सगळ्यांनी काळजीनं वाचावं. लॅपटॉप कायम चार्जरला लावून वापरला की त्याची लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि सतत गरम राहते. या दोन्ही गोष्टी तिचं आयुष्य खातात. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर विचारूच नका. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूनं हळूहळू वर यायला लागला. क्लिक नीट होईना, झाकण बंद केलं की फट दिसायची. खाली बॅटरी फुगली होती. असं काही दिसलं तर तो लॅपटॉप वापरणं तिथल्या तिथं थांबवा, बॅटरी दाबून बघू नका, टोचू तर मुळीच नका, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. आणि ज्यांना लॅपटॉपच वापरायचाय त्यांनी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असते.

मिनी पीसीत अशी चार्ज होणारी बॅटरीच नाही, त्यामुळे तो ताप नाही. तापतो तोही, खोटं कशाला सांगू. एवढ्याशा डब्यात पंखाही लहानच. पण तो मांडीवर किंवा गादीवर नसतो, चारी बाजूंनी हवा लागते, आणि काही महिन्यांनी उघडून धूळ काढता येते. माझ्या मशीनच्या मागे एकच स्क्रू आहे. तो काढला की झाकण सरकतं आणि आतलं सगळं समोर येतं: रॅमच्या, म्हणजे कामापुरत्या मेमरीच्या, दोन जागा, फायली साठवणारी एसएसडी, पंखा. दुकानातून आलं तेव्हा त्यात ८ जीबीची एकच पट्टी होती. दुसरी ८ जीबीची मी स्वतः बसवली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्कन लागल्या, मशीन चालू केलं, १६ जीबी दिसली. हेच लॅपटॉपच्या बाबतीत मी विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं होतं, की रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे, वाढवता येत नाही, नवा लॅपटॉप घ्या. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक ठिकाणी हेच असतं. रोजीरोटीचं साधन आपल्याला उघडता येऊ नये, त्यातला एक भाग बिघडला तर सगळंच टाकून द्यावं लागावं, हे मला अजिबात पटत नाही.

मॅक मिनीबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. २०२४ च्या अखेरीस आलेला एम४ चिपचा मॅक मिनी तर आणखी छोटा, बारा-तेरा सेंटिमीटरचा चौकोन. वेगवान आहे, आवाज जवळजवळ नाही आणि सुरुवातच १६ जीबी मेमरीपासून होते. ज्यांचं काम व्हिडिओचं आहे, ज्यांच्या सवयी मॅकच्या आहेत, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि मराठी प्रकाशन व्यवहारात काम करणाऱ्यांना विंडोज सोडून चालत नाही. जुन्या पुस्तकांच्या फायली श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठी अक्षरं दिसतच नाहीत), त्यातल्या कित्येक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तरी त्या फायली अजून येतात. नवी आवृत्ती काढायची म्हटली की ती फाइल उघडा, मजकूर युनिकोडमध्ये फिरवा, फुटलेली जोडाक्षरं हातानं दुरुस्त करा, मग इनडिझाइन या हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग लावा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. हे सगळं विंडोजवरच सोपं जातं.

मी घेतलेलं मशीन नवं नाही, रिफर्बिश्ड आहे, म्हणजे वापरलेलं, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेलं. कंपन्यांच्या ऑफिसांत लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी असे डबे मोठ्या संख्येनं लागतात आणि काही वर्षांनी एकगठ्ठा बाहेर पडतात. दिवसभर चालायलाच बनवलेली ही मशीनं, त्यामुळे बांधणी दणकट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, दिल्लीत नेहरू प्लेसला, पुण्यातही जुने कॉम्प्युटर विकणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, नावापुढे 'टी' असलेला. 'टी' म्हणजे ३५ वॉटचा, कमी वीज खाणारा. मशीन, २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस असं सगळं मिळून खर्च ४०,००० रुपयांच्या आत बसला. एवढ्या पैशांत या कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप मला तरी दिसला नाही.

घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं आता फार स्वस्तात पुढं केली जातात, आणि दुकानदार नुसतं "आय-फाइव्ह आहे, आय-सेव्हन आहे" म्हणत राहतो. आय-सेव्हन ऐकून भुलू नका, पिढी विचारा. सातव्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आपल्या कामाचा. शिवाय दुकानातच मशीन चालू करून बघा, बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड तर नाही ना ते तपासा, अडॅप्टर मूळ आणि पुरेशा वॉटचा आहे का पाहा. ऑफिसच्या मशीनमध्ये वाय-फायचं कार्ड असेलच असं नाही. मॉनिटर जोडायला एचडीएमआय असेलच असंही नाही, पुष्कळदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतं आणि त्याची केबल वेगळी घ्यावी लागते. कॅमेरा आणि माइक तर नसतातच. ज्यांच्या मीटिंगा रोज असतात त्यांनी तो खर्च आधीच धरावा. आणि जीएसटीचं बिल, लेखी वॉरंटी यांच्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळ्यांचा शेवटचा प्रश्न असतो, "वीज गेली तर?" लॅपटॉपच्या बाजूनं हा एकच मुद्दा मला खरा वजनदार वाटतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याची आपल्याला सवय आहे, पावसाळ्यात तर नेम नाही. पण मिनी पीसी वीज इतकी कमी खातो, की टायपिंग आणि पानं लावण्यासारख्या कामात मशीन आणि मॉनिटर मिळून साधारण चाळीस-पन्नास वॉटमध्ये भागतं. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर माझं काम अर्ध्या तासाच्या वर चालतं. मोठ्या टॉवरला तेवढ्यात जेमतेम फाइल सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मग प्रश्नच नाही. ज्या गावांत दिवसाचे काही तास वीज नसतेच, तिथल्या मैत्रिणींनी मात्र लॅपटॉपच ठेवावा.

तसंच हॉस्टेलवर राहणारी मुलं, फिरतीवरचे पत्रकार, ऑडिटसाठी गावोगाव जाणारे, यांना लॅपटॉपच हवा. मी बोलतेय ते अनुवाद करणाऱ्या, मुद्रितशोधन करणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या, माझ्यासारख्या पानं लावणाऱ्या बायकांबद्दल, ज्यांचं काम रोज एकाच घरात होतं. घरात नव्या मशीनचा विषय निघाला की सगळे आपसूक लॅपटॉपच बघायला लागतात. त्या वेळी एकदा तरी आपल्या कामाला टेबल मागून घ्या. घर लहान असेल तर अडीच-तीन फुटांचं पुरतं. डबा मॉनिटरच्या मागे चार स्क्रूंवर टांगायची पट्टी मिळते, मग टेबलावर फक्त कीबोर्ड आणि आपले कागद.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी बदलून घेतलीये. छापखान्यात शेवटची फाइल तपासायला जाताना तो पिशवीतून येतो आणि ते काम उत्तम करतो. कुणाला मशीन निवडताना मदत हवी असेल तर दुकानदाराने पाठवलेला मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाका. कोणती पिढी आहे, रॅम वाढवता येते का, हे मी बघून सांगेन.