पट्ट्या दिसायच्या तेव्हा चॅनल बंद नसायचं, मंडळी

जुन्या टीव्हीवरच्या रंगीत पट्ट्यांचा तो फोटो दर दोन-चार महिन्यांनी फेसबुकवर फिरतो आणि खाली ठरलेल्या कमेंटा येतात: 'चॅनल बंद झालं की हे लागायचं', 'गेले ते दिवस'. दिवस गेले हे कबूल. पण चॅनल बंद झालं की पट्ट्या नाही, मुंग्या यायच्या. ट्रान्समीटर बंद, अँटेनातून काही येत नाही, संच स्वतःचाच खरखराट वाढवून दाखवतोय, त्या मुंग्या. पट्ट्या दिसतायत म्हणजे ट्रान्समीटर पूर्ण ताकदीने चालू आहे आणि तिकडे कुणीतरी मोजमाप घेतंय. 'रुकावट के लिए खेद है' हे तिसरंच प्रकरण, ती बिघाडाची पाटी. या तिन्हींची गल्लत नको.

माझं म्हणणं असं की टेस्ट पॅटर्न, म्हणजे या पट्ट्या आणि तसली मोजमापाची चित्रं, बंद करून चॅनलवाल्यांनी प्रेक्षकाच्या हातातलं मोजमापाचं एक फुकट साधन काढून घेतलं, आणि ते परत द्यायला आज जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

आधी पट्ट्यांचं बघू. पांढरी, पिवळी, आकाशी, हिरवी, मॅजेंटा, लाल, निळी, काळी हा क्रम कुणी शोभेसाठी लावलेला नाही. टीव्हीच्या हिशोबात उजेडात हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणून ८९. त्याच पद्धतीने आकाशी ७०, मग हिरवा ५९, मॅजेंटा ४१, लाल ३०, निळा ११. ब्लॅक अँड व्हाइट संचावर हेच डावीकडून उजवीकडे उतरणारे राखाडी टप्पे दिसतात. दोन टप्पे एकमेकांत मिसळले की ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बिघडलाय हे रंगीत संच नसतानाही कळतं. शिवाय निळा रंग एकाआड एक पट्टीत असतो. फक्त निळा चालू ठेवून बघितलं आणि आकाशी, मॅजेंटा, निळी या तिन्ही पट्ट्या सारख्याच उजळ दिसल्या, तर रंगाची मात्रा बरोबर. अमेरिकेत १९७८ साली प्रमाण ठरलेल्या पट्ट्यांमध्ये खाली उलट्या क्रमाची आणखी एक बारीक ओळ आहे ती याच तुलनेसाठी. तिकडे रंग पाठवायची एनटीएससी पद्धत असल्यामुळे टिंटचं, म्हणजे रंगछटेचं, बटणही जुळवावं लागायचं. आपल्याकडे पाल पद्धत. तिच्यात एका लाल घटकाची दिशा ओळीआड उलटते आणि चूक आपसूक मिटते, म्हणून टिंटची कटकट आपल्या वाट्याला आली नाही.

पण खरं देखणं काम म्हणजे गोल वर्तुळाचा पॅटर्न, फिलिप्सचा पीएम ५५४४. फिन हेंडिल या डॅनिश अभियंत्याने १९६६-६७ च्या सुमारास तो रचला आणि पुढे जगभरच्या केंद्रांनी उचलला. त्याआधीच्या मोनोस्कोप नळीत चित्र आतल्या धातूच्या पत्र्यावरच छापलेलं असायचं, म्हणजे एक नळी, एक चित्र. अमेरिकेचा १९३९ चा आदिवासी सरदाराचं डोकं असलेला पॅटर्न तसाच यायचा. पीएम ५५४४ मात्र पूर्ण इलेक्ट्रॉनिक. त्यातली एकही रेघ फुकट नाही. वर्तुळ लंबगोल दिसलं तर हाइट किंवा विड्थ चुकलीय, एका बाजूने चेपलं असेल तर लिनिअरिटी, म्हणजे चित्र सगळीकडे सारखं पसरत नाहीय. कडेचे काळे-पांढरे खाचे कापले जात असतील तर चित्र चौकटीबाहेर चाललंय. मधल्या उभ्या रेघांचे पाच गठ्ठे ०.८, १.८, २.८, ३.८ आणि ४.८ मेगाहर्ट्झचे. रंगीत संचावर शेवटच्या दोन गठ्ठ्यांत रंगाचं वळवळणं दिसायचंच, कारण पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसतो आणि डिकोडर बारीक रेघांनाच रंग समजतो. तो बिघाड नव्हे. २.८ चा गठ्ठाही विरघळला तर मात्र आयएफ (संचातला मधल्या फ्रिक्वेन्सीचा भाग) किंवा फाइन ट्यूनिंगकडे बघायचं.

आणि काळ्या पट्टीतली ती एकटी पांढरी सुई. ती भूत पकडायला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि शहर उंच वाढत गेलं, तसं इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलचं दुसरं चित्र पडद्यावर उजवीकडे सरकून दिसू लागलं. ते मोजता येतं. ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असेल तर सुईची सावली १ सेंटिमीटर सरकणं म्हणजे १.३ मायक्रोसेकंद उशीर, म्हणजे परावर्तित सिग्नल साधारण ३९० मीटर जास्त फिरून आलाय. त्या अंदाजाने अपराधी इमारत हुडकायची आणि अँटेना अशी वळवायची की ती इमारत तिच्या आंधळ्या कोनात येईल, मग मूळ सिग्नल थोडा कमी झाला तरी चालेल. बूस्टर लावणारे इथे फसायचे. बूस्टर भुतालाही तितकंच धष्टपुष्ट करतो. सावली डावीकडे दिसली तर दुखणं निराळं: ट्रान्समीटर जवळ आहे, केबलचा सिग्नल फिरून येतोय आणि हवेतला थेट ट्यूनरमध्ये आधी शिरतोय. तिथे अँटेना नाही, चांगली जाळी असलेली कोअॅक्सिअल आणि घट्ट कनेक्टर लागतात.

आता रात्रीचं. एचपीटीवर, म्हणजे मोठ्या ताकदीच्या ट्रान्समीटर केंद्रावर, रात्रीची वेळ देखभालीची असायची. एअर फिल्टर झटकायचे, व्हॉल्व्हचे मीटर वहीत उतरवायचे, अँटेनाकडे जाणारा फीडर काढून डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या जोडणीवर, पॉवर मोजायची. डमी लोडवर काम चालू असताना तुमच्या घरी मुंग्याच दिसायच्या. परत हवेत आल्यावर पट्ट्या, सोबत १००० हर्ट्झची ती 'पूंऽऽ', जिच्यावर आवाजाची पातळी लावायचे. चित्राची पातळी ठरलेली: १ व्होल्ट, पैकी ०.३ सिंक (ओळी जुळवणारा ठोका) आणि ०.७ चित्र, ७५ ओहमवर. हे एकदा जुळलं की सकाळच्या पहिल्या कार्यक्रमापासून गडबड नाही.

मग पॅटर्न का गेले? पहिलं कारण तांत्रिक आणि रास्त. चित्राच्या वर जे न दिसणारं कोरं अंतर असतं, त्यातल्या १७, १८, ३३० आणि ३३१ क्रमांकाच्या ओळींत चाचणीचे सिग्नल बसवले गेले. कार्यक्रम चालू असतानाच मोजता येऊ लागलं, रात्र मोकळी ठेवायची गरज संपली. दुसरं कारण पैसा. पहाटे तीनला गुडघेदुखीचं तेल आणि कवच-ताबीज विकता येत असेल तर पट्ट्या कोण दाखवेल? बीबीसीने बरीच वर्षं रात्री टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीवर वाचायच्या मजकुराची, पानं संगीतासह सोडली, ऑक्टोबर २०१२ मध्ये तीही थांबली. जर्मनीत बव्हेरियाच्या केंद्राने १९९४ पासून अवकाशातून टिपलेली पृथ्वी दाखवायला घेतली. माझ्या मते रात्रीचा हा सगळ्यात सभ्य वापर.

'डिजिटलला पॅटर्न कशाला?' असं विचारणाऱ्यांनी आपल्याच घरात बघावं. फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स ४:३ चं चित्र ताणून १६:९ करतो आणि जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटांतले नायक वर्षानुवर्षं जाडे दिसतात. वर्तुळाने हे दोन सेकंदांत उघडं पडलं असतं. टीव्ही दुकानातल्या 'व्हिव्हिड' मोडवर तसाच, शार्पनेस इतका की बारीक रेघेला पांढरी किनार. साउंडबार लावला की ओठ आधी, शब्द मागून. युरोपातल्या प्रसारकांची मर्यादा आवाज ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मागे इतकीच आहे, आणि आपल्या २५ फ्रेमच्या हिशोबात ४० मिलिसेकंद म्हणजे जेमतेम एक फ्रेम. यूट्यूबवरचा पॅटर्न फक्त त्या ॲपचा रस्ता तपासतो. बॉक्सच्या एचडीएमआय इनपुटची सेटिंग वेगळी असते, ती तशीच राहते.

पॅटर्न समोर असेल तर टीव्ही जुळवायचा क्रम असा. आधी चित्राचा आकार '१:१' किंवा 'जस्ट स्कॅन' करा, कडेचे खाचे पूर्ण दिसले पाहिजेत. मग खोलीत रोजचा उजेड ठेवून ब्राइटनेस: काळ्यात तीन बारीक पट्ट्या असतात, काळ्याहून काळी, काळी आणि किंचित उजळ. पहिल्या दोन एकजीव व्हाव्यात, तिसरी जेमतेम दिसावी. मग कॉन्ट्रास्ट, पांढऱ्यातले टप्पे बुजणार नाहीत इतकाच. रंग त्यानंतर. शार्पनेस किनार नाहीशी होईपर्यंत खाली. आवाजाचा उशीर सगळ्यात शेवटी, कारण पिक्चर मोड बदलला की तोही बदलतो.

सह्याद्रीने पहाटे पाच मिनिटं एवढं दाखवावं. बँडविड्थचं रडगाणं चालणार नाही. स्थिर पट्ट्यांना नगण्य बिट लागतात, आणि उरलेली जागा मक्स (अनेक चॅनल एका प्रवाहात बांधणारं यंत्र) एरवीही ८१९१ क्रमांकाच्या रिकाम्या पॅकेटांनी भरतोच. अट एकच: पॅटर्नमध्ये काहीतरी हलतं हवं, सेकंदाला फिरणारा काटा आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला टिक. निव्वळ स्थिर पट्ट्यांवर एन्कोडर (चित्र दाबून डिजिटल करणारं यंत्र) अडकला तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि काट्यावर लिपसिंकही तपासून होतो. तरीही बाकीचं चित्र स्थिरच असल्यामुळे कंट्रोल रूममधला फ्रीझचा अलार्म त्या पाच मिनिटांपुरता बंद ठेवावा, नाहीतर रात्रपाळीच्या माणसाला रोज पहाटे उगाच फोन जातील.