पाट्या फिनिशमध्ये, बोलणारे कुठायत?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालंय, मराठी पाट्या, भूमिपुत्र, आधी कोण आलं आणि मुंबई कोणी उभी केली. मी मिशिगनमध्ये हॅनकॉकला राहतो, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर, आणि गंमत म्हणजे इथल्या रस्त्यांच्या पाट्या इंग्रजी आणि फिनिश (फिनलंडची भाषा) अशा दोन भाषांत आहेत.

"आधी कोण" म्हणाल तर इथे उत्तर सोपंय. हजारो वर्षांपूर्वीपासून मूळचे लोक इथलं शुद्ध तांबं काढून अवजारं करत होते. १८४१ मध्ये डग्लस हॉटनचा सरकारी रिपोर्ट आला की इथे तांबं आहे, १८४२ मध्ये ला पॉइंटच्या करारात ओजिब्वे लोकांची ही जमीन सरकारने लिहून घेतली, आणि मग जी झुंबड उडाली ती उडालीच. अडचण एकच, लेक सुपीरियरमधून बाहेर पडणाऱ्या नदीवर सू गावाजवळच्या धबधब्यामुळे जहाज पुढे जायचं नाही, माल उतरवा, जमिनीवरून ओढा, परत चढवा. १८५५ मध्ये तिथे लॉक (पाणी कमी-जास्त करून जहाज वर-खाली नेणारे दरवाजांचे कालवे) झाले आणि तांब्याला सरळ वाट मिळाली. (आपल्याकडे मुंबईत कावसजी दावरांनी कापड गिरणीची कंपनी काढली ती १८५४ ला, म्हणजे दोन्हीकडे भोंगे साधारण बरोबरच वाजायला लागले.)

खाणीत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे लोक कॅप्टन, म्हणजे मुकादम, आणि फिनिश उशिरा आले म्हणून त्यांच्या वाट्याला दगडाच्या गाड्या ढकलणं. १९१३ मध्ये संप झाला, दोन माणसांचं ड्रिल जाऊन एका माणसाचं आलं त्यावरून, आठ तासांवरून, युनियनवरून. त्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी इथल्याच कॅल्युमेट गावच्या इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या पोरांची पार्टी होती, कुणीतरी "आग" म्हणून ओरडलं, आग नव्हतीच, पण जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. मेलेल्यांत फिनिश घरातले खूप होते. संप मोडला, आणि फिनिश म्हणजे भांडखोर हा शिक्का राहिला.

त्याच लोकांच्या भाषेत आज पाट्या आहेत, आधी आले म्हणून नाही, इथे राबले म्हणून. आमच्या ग्रुपवर हा मुद्दा कुणी मांडतच नाही, सगळे सनावळ्या काढत बसतात, त्या खेळात शेवटी कोळी सोडून कुणीच जिंकत नाही. माझं मत विचाराल तर मराठी पाटी हवीच, पण ती लागली की काम झालं असं मानणाऱ्यांना मी एकदा इथे आणून फिरवीन. १८९६ ला फिनिश लोकांनी काढलेलं इथलं कॉलेज, पुढे त्याची युनिव्हर्सिटी झाली, ती २०२३ मध्ये बंद पडली. घरात फिनिश बोलणारे शोधावे लागतात.

शेजारच्या आजोबांचं आडनाव चांगलं लांबलचक फिनिश आहे. मी त्यांना पाटीवरचा "कातू" शब्द दाखवून अर्थ विचारला, तर म्हणाले रस्ता असावा बहुतेक, आमच्या आजीला विचारायला हवं होतं.