भाडेकरू बारा वर्षांनी मालक होत नाही: घरमालकांच्या नव्या संघटनेच्या आवाहनाला उत्तर

लहान घरमालकांनी आपल्या हितरक्षणासाठी राज्यभर नवी संघटना उभारावी, असे आवाहन करणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. घरमालकांना आजवर कोणी वाली नव्हता असे म्हणून, संघटना का हवी हे पटवण्यासाठी त्यात काही गोष्टी कायद्यातील सत्ये म्हणून सांगितल्या आहेत. भाडेकरू सलग बारा वर्षे राहिला की घर त्याच्या मालकीचे होते. म्हणून दर अकरा महिन्यांनी नोटरीकडे करार करावा, नोंदणीच्या खर्चात पडू नये. मुदत संपूनही कोणी निघाला नाही तर त्याचे पाणी आणि वीज तोडावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी भाडेनियंत्रण संपवले आहे, तरी सरकार ते लपवत आहे. आणि केंद्राच्या नव्या कायद्याने दोन महिन्यांहून अधिक अनामत घेणे गुन्हा ठरले आहे. शेवटी सभासद होण्यासाठी वर्गणी आणि त्रासदायक भाडेकरूंची यादी करण्यासाठी भाडेकरूच्या आधार कार्डाची प्रत मागितली आहे.

नाशिकला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत एक कुटुंब अकरा वर्षे राहत आहे. त्यांचे भाडे कधी थकलेले नाही आणि करार प्रत्येक वेळी नोंदवलेला आहे. हा संदेश वाचल्यावर मावशीने त्यांना महिनाभरात घर रिकामे करण्यास सांगितले, कारण पुढच्या वर्षी घर आपले राहणार नाही अशी तिची खात्री झाली होती. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. एका खोट्या वाक्यामुळे दोन घरांची झोप उडाली, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

घरमालकांनी संघटना करू नये, असे माझे म्हणणे नाही. संघटना स्थापन करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने सर्व नागरिकांना दिला आहे आणि घरमालकांनी तो पूर्वीपासून वापरलेला आहे. ज्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाचा हा संदेश दाखला देतो, त्या खटल्याचे नावच ‘प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे. म्हणजे घरमालकांना आजवर कोणी वाली नव्हता, हे विधान त्यांच्याच पुराव्याने खोटे ठरते. माझा आक्षेप आहे तो सभासद जमवण्यासाठी पसरवलेल्या भीतीला.

त्या भीतीचे मूळ बारा वर्षांच्या दाव्यात आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ मध्ये बारा वर्षांचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु ती तरतूद प्रतिकूल ताब्याविषयी आहे. मूळ मालकाची मालकी नाकारून, उघडपणे आणि अखंडपणे, स्वतः मालक असल्याप्रमाणे जो जमीन किंवा घर ताब्यात ठेवतो, त्याच्याविरुद्ध मालकाने बारा वर्षांत दावा केला नाही, तर मालकाचा हक्क बुडतो. भाडेकरूची स्थिती याच्या नेमकी उलट असते. तो मालकाच्या परवानगीने घरात येतो, मालकाच्या नावाने भाडे भरतो आणि प्रत्येक पावतीबरोबर समोरच्याची मालकी मान्य करतो. परवानगीने मिळालेला ताबा कितीही वर्षे चालला तरी केवळ काळाच्या ओघात तो प्रतिकूल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठाकूर किशन सिंह विरुद्ध अरविंद कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्याच्याही आधीपासून, १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११६ ने, ज्याच्याकडून जागा घेतली त्याची त्या वेळची मालकी जागेत राहत असताना नाकारण्यास भाडेकरूला मनाई केलेली होती. तीच तरतूद आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२२ म्हणून आलेली आहे आणि ती लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवान्यावर राहणाऱ्यालाही लागू आहे.

कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी हा दावा मुंबईतील एका फेरफटक्यात कोसळतो. गिरगाव, लालबाग, परळ येथील जुन्या चाळींमध्ये आजोबांच्या काळापासून पागडीने, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने, राहणारी कुटुंबे आहेत. बारा वर्षांनी भाडेकरू मालक होत असता, तर ही सगळी कुटुंबे १९६० च्या आतच मालक झाली असती. मग पागडीचा प्रश्न उरला नसता, पुनर्विकासात मालकाचा वाटा किती आणि भाडेकरूचा किती यावरून न्यायालयांत खटले चालले नसते, आणि घरमालकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे कारणही राहिले नसते. तीन पिढ्या राहूनही जे भाडेकरूच राहिले, ते डोळ्यांसमोर असताना लोक या दाव्यावर विश्वास कसा ठेवतात, हे मला खरोखर समजत नाही.

बारा वर्षांचा आकडा भाडेकराराच्या संदर्भातही एका ठिकाणी येतो, हे मात्र सांगितले पाहिजे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६७ प्रमाणे, भाडेकरार संपुष्टात आल्यावर ताबा मिळवण्याचा दावा मालकाने बारा वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणजे करार संपवून, त्यानंतर भाडे न घेता आणि कोणतीही कारवाई न करता जो मालक बारा वर्षे स्वस्थ बसतो, त्याला धोका आहे. दर वेळी नवा करार करणाऱ्या आणि महिन्याला भाडे घेणाऱ्या मालकाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

दुसरीही एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. जुन्या घरमालकांची भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्यातून सुटण्यासाठी मालक लायसन्सचे करार करू लागले, तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर राहत असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. अकरा महिन्यांसाठी दिलेली खोली कायमची अडकल्याचे त्या वेळी अनेकांनी अनुभवले आणि ती आठवण घराघरांत राहिली. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले. पागडीच्या इमारतींच्या मालकांची तक्रार आजही खरी आहे, कारण १९९९ च्या नव्या कायद्याने दिलेली वर्षाला ४ टक्क्यांची वाढ शेदोनशे रुपयांच्या भाड्यावर काही रुपयेच भरते आणि तेवढ्यात गच्चीची गळतीही थांबत नाही. पण त्या मालकाचे दुःख आज सदनिका भाड्याने देणाऱ्याला दाखवून घाबरवणे हा अप्रामाणिकपणा आहे, कारण दोघांना लागू होणारे नियम वेगळे आहेत.

हे नियम ज्यात आहेत तो महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. संदेश लिहिणाऱ्याने त्यातील दोनच कलमे वाचली असती, तरी अर्धा संदेश लिहिला गेला नसता. कलम २४ म्हणते की राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपताच मालकाला परत केली पाहिजे. ती न केल्यास मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून ताबा मागता येतो, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी राहणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ४३ प्रमाणे अशा अर्जाला विरोध करायचा असेल, तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मिळवावी लागते. कायदा पूर्णपणे भाडेकरूच्या बाजूचा आहे, असे ज्याला वाटते त्याने ही दोन कलमे मोठ्याने वाचावीत.

आता नोटरीचा सल्ला. संदेशातील हा सर्वांत घातक भाग आहे, कारण तो मालकाच्या हिताचा म्हणून दिला आहे आणि त्याचा फटका मालकालाच बसतो. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सक्तीची नोंदणी नाही, यावरून अकरा महिन्यांची प्रथा देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ त्यावर मात करते. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे भाडेकरूला घाबरून नोंदणी टाळणारा मालक वादाच्या प्रसंगी त्याच भाडेकरूच्या शब्दावर अवलंबून राहतो. हे सगळे किती पैसे वाचवण्यासाठी? वीस हजार भाडे, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिन्यांचा करार धरला, तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्या आत येते, आणि शहरी भागातील नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. तेवढा खर्च वाचवून कलम २४ चे संरक्षण धोक्यात घालण्याचा सल्ला जो देतो, तो घरमालकांचा हितचिंतक असू शकत नाही.

पाणी आणि वीज तोडण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भाडेकरूची अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाविना बंद करण्यास कलम २९ ने मनाई केली आहे आणि ती मोडणे शिक्षेस पात्र आहे. कुलूप बदलून कोणाला बाहेर काढले, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली त्याला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि तेथे घर माझे आहे हे मालकाचे उत्तर चालत नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या घराचे पाणी तोडणे हे माणुसकीला धरून नाही, हे कायदा न पाहताही कळायला हवे.

नऊ न्यायाधीशांचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ चा आहे. प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरते का, हा मुख्य प्रश्न त्यात होता, आणि बहुमताने उत्तर दिले की प्रत्येक मालमत्ता ठरत नाही, काही ठरू शकतात. मूळ वाद म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कायद्यातील आठ-अ प्रकरणाचा होता, ज्यात उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास ती संपादित करण्याची तरतूद आहे. १९९९ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाची वैधता त्या पीठापुढे नव्हतीच. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, त्यामुळे तो लपवल्याच्या आरोपालाही अर्थ नाही.

अनामतीचा मुद्दा आणखी किरकोळ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केला तो आदर्श भाडेकरार कायदा, म्हणजे राज्यांनी स्वीकारायचा मसुदा आहे.  राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा त्या मसुद्यात आहे, १९९९ च्या अधिनियमात नाही.

राहिली आधार कार्डाची मागणी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे वेगळे आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत अनोळखी लोकांच्या गटात त्रासदायक भाडेकरूंच्या यादीसाठी टाकणे वेगळे. करारासाठी विश्वासाने दिलेला कागद त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कामासाठी वापरण्याचा मालकाला अधिकार नाही, आणि भांडणातून कोणाचे नाव त्या यादीत गेले तर त्याला शहरात घर मिळणे कठीण होईल. संघटनेला खरोखर काम करायचे असेल, तर कलम २४ खालील अर्ज रेंगाळतात म्हणून सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवण्याची मागणी तिने शासनाकडे करावी, आणि पागडीच्या इमारतींच्या दुरुस्तीचा भार मालक, भाडेकरू आणि शासन यांच्यात कसा वाटायचा याचा प्रस्ताव मांडावा. अशा संघटनेची वर्गणी मी आनंदाने भरेन; पण हा संदेश मागे घेऊन चुकीची विधाने दुरुस्त केल्याशिवाय कोणत्याही घरमालकाने तिला पैसेही देऊ नयेत आणि भाडेकरूचे कागदही देऊ नयेत.