चालत नाही की चालू देत नाहीत?

“तुझ्या लिनक्सवर हे चालतं का? नाही ना? मग संपला विषय,” असं म्हणून पिंट्याने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. बॅटलफिल्ड ६ या गेममधली त्याचीच क्लिप, हेलिकॉप्टर पाडल्याची. माझ्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम आहे, हा त्याचा जुना टोमणा. पण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर विषय असा संपत नसतो. तळलेल्या गराडूचा (कंदाचा) दोना नुकताच आला होता, वर जीरावन मसाला भुरभुरलेला, आणि अण्णा लिंबू पिळत होते. म्हणजे तासभर तरी कुणी हलणार नव्हतं.

“चालत नाही नको म्हणू,” मी म्हटलं. “चालू देत नाहीत म्हण.”

“भिया, तेच ते.”

तेच ते कसं? १० ऑक्टोबर २०२५ ला आलेल्या या गेमला सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू लागते, वर ईए कंपनीचं जॅवलिन नावाचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर लागतं, जे थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात जाऊन बसतं. ग्राफिक्स, आवाज, कंट्रोलर यातलं काहीच लिनक्सला जड नाही. फक्त दारावरचा पहारेकरी विंडोजशिवाय कुणाला ओळखत नाही. आणि पिंट्याला तरी त्याने कुठे सरळ आत घेतलं होतं? याचा पीसी असेंबल करणाऱ्याने विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर मांडणीवर टाकून दिलेलं, त्यामुळे सिक्युअर बूट सुरूच होईना. डिस्क नव्या जीपीटी मांडणीवर आणून, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून ते कुणी जमवलं? ज्याच्या लिनक्सला हा हसतो, त्याने.

“ते केलंस, त्याचं पोहे-जिलबी खाल्लंस,” पिंट्या म्हणाला. हिशेब त्याचा चोख असतो.

अण्णा आमच्यात मोठे. एकेकाळी रात्र-रात्र एज ऑफ एम्पायर्स खेळलेले. त्यांचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दिवाळीत मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “अरे, पण विंडोजसाठी बनवलेली गेम याच्यावर चालतेच कशी?”

इथे मी जरा सैल सुटलो. वाइन हा प्रकार १९९३ पासूनचा. गेम विंडोजकडे जे मागते, ते लिनक्सच्या भाषेत करून देणारा. त्यावर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन उभं केलं आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतली कामं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके त्यात घातलं. आधी लोक आठवडाभर सेटिंगशी झटापट करायचे, आता स्टीममध्ये ‘प्ले’ दाबायचं. एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आली तेव्हा विंडोजवाले ती अडखळते म्हणून ओरडत होते, आणि व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये दुरुस्ती करून स्टीम डेकवर, म्हणजे त्यांच्या लिनक्सवाल्या हातातल्या गेम-मशीनवर ते अडखळणं कमी करून दाखवलं. गेम दुसऱ्याची, डोकेदुखी दुसऱ्याची, औषध यांच्याकडे! २०२५ ची क्लेअर ऑब्स्क्योरसुद्धा विंडोजसाठीच बनलेली, मी प्रोटॉनवरच खेळलो.

“सेकंदाला फ्रेम किती मिळाल्या ते सांग ना,” पिंट्या मध्येच. बरोबर दुखऱ्या जागी. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर डायरेक्टएक्स १२ च्या गेम लिनक्समध्ये बऱ्याचदा विंडोजपेक्षा कमी फ्रेम देतात, हे खरंच आहे. आणि गेमवर डेनुव्हो हे चोरी रोखणारं कुलूप असेल तर आणखी गंमत. गेम नीट चालावी म्हणून तुम्ही प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसता, प्रत्येक आवृत्ती डेनुव्होला नवं मशीन वाटते, आणि मर्यादा संपली की पैसे भरून घेतलेली गेम तुम्हालाच चोवीस तास बाहेर ठेवते. म्हणून डेनुव्होवाली नवी गेम मी पहिल्या दिवशी घेत नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

पण माझा राग तो नाही. राग जीटीए ऑनलाइनचा आहे. वर्षानुवर्षं लिनक्सवर मजेत चालणारी गेम. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यात बॅटलआय नावाचं अँटी-चीट आलं आणि एका अपडेटमध्ये आम्ही बाहेर. बॅटलआय प्रोटॉनला २०२१ पासून साथ देतं. गेम बनवणाऱ्याने फक्त तशी परवानगी मागायची असते. ती मागितली नाही, बस. एकट्याने खेळायचा स्टोरी मोड आजही चालतो, ऑनलाइन नाही. यात लिनक्सला काय येत नव्हतं, सांगा.

“चीटर,” पिंट्या एका शब्दात म्हणाला. “एपेक्स का बंद केली तुमच्यासाठी? लिनक्सच्या वाटेने चीटर यायचे म्हणून. कंपनीनेच सांगितलंय.”

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लेजंड्स ही ऑनलाइन गेम लिनक्सवर बंद झाली, आणि कारण हेच दिलं होतं. लिनक्सचं कर्नल कुणीही बदलून घेऊ शकतो, मग अँटी-चीटने विश्वास कशावर ठेवायचा? कबूल. पण विंडोजवरचे चीटर संपले का? डीएमए नावाचं कार्ड लावून दुसऱ्या पीसीवरून गेमची मेमरी वाचणारे आहेतच, त्यांना तुमचा कर्नलमधला पहारा सापडतो कुठे दरवेळी? आणि आर्क रेडर्स बघा. ऑक्टोबर २०२५ ची, पूर्ण ऑनलाइन, ईझी अँटी-चीट लावलेली, तरी प्रोटॉनवर चालते. बनवणाऱ्यांच्या मनात असलं की होतं.

“म्हणजे घेण्याआधी कळणार कसं?” अण्णा. हे कामाचं. स्टीमवर गेमच्या पानावर कर्नलमधलं अँटी-चीट असेल तर आता तसं लिहावंच लागतं. ते बघायचं, मग प्रोटॉनडीबी या साइटवर लोकांचे अनुभव वाचायचे. तरीही फसलात, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करायची. प्री-ऑर्डर? दुकानात माल संपणार आहे का?

अण्णांना मी सिल्कसॉन्ग सुचवली. २०१९ मध्ये जाहीर झालेली, ४ सप्टेंबर २०२५ ला आली तेव्हा स्टीमसुद्धा कोलमडलं होतं. लिनक्सची आवृत्ती पहिल्या दिवसापासून, प्रोटॉनचीही गरज नाही. मशीनही मोठं लागत नाही. फक्त अण्णांचा संयम लागेल, ती गेम माराने शिकवते.

“ते व्हॉल्व्हचं नवं चौकोनी मशीन येतंय ना, तेच घेऊ मग,” अण्णा उत्साहात.

“अण्णा, डेकच इथे सरळ कंपनीकडून मिळत नाही, बाहेरून आणणाऱ्यांकडून चढ्या भावाने घ्यावा लागतो. स्टीम मशीनची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झालीय, पण आत्ताच पैसे बाजूला काढू नका.”

दोना रिकामा झाला तेव्हा पिंट्याने राखून ठेवलेला हुकमाचा एक्का टाकला. “जीटीए ६ आली ना, की बघतो तुझं लिनक्स.”

“१९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलीय, ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची,” मी म्हटलं. “पीसीचं नावसुद्धा घेतलेलं नाही. त्या दिवशी तुझं विंडोज काय करणार आहे?”

पिंट्याने मोबाइलवर शोधून बघितलं. मग अण्णांना विचारलं, “तुमच्या भाच्याकडे प्लेस्टेशन आहे ना?”