पलटणीतल्या माणसाशीच बोलता येतं

आज ९ नोव्हेंबर. २०२१ साली याच दिवशी अमेरिकेचे माजी सिनेटर आणि व्हिएतनाम युद्धातले सैनिक मॅक्स क्लेलंड गेले, वयाच्या ७९ व्या वर्षी, इथे अटलांटात. माझ्या गावाकडच्या मंडळींनी हे नाव बहुधा ऐकलेलं नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अटलांटाजवळच्या डिकेटरला राहते. क्लेरमाँट रोडवर माजी सैनिकांचं मोठं हॉस्पिटल आहे, त्याला आता त्यांचंच नाव आहे. ते वाढले आमच्याच काउंटीतल्या लिथोनियात. इतिहासात एम. ए. केलेला मुलगा, मागून घेऊन व्हिएतनामला गेला. एप्रिल १९६८ मध्ये खे सान्हजवळच्या लढाईत असे लढले की पुढे सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, ते एका टेकडीवर हेलिकॉप्टरमधून उतरले. रेडिओचं ठाणं उभारायचं होतं. खाली जमिनीवर एक ग्रेनेड पडलेला दिसला. आपल्याच अंगावरून पडला असेल असं वाटून उचलायला वाकले, आणि तो फुटला. दोन्ही पाय गेले, उजवा हात गेला. वय २५. घरी परतायला महिनाभरच उरला होता.

लोक त्यांची गोष्ट इथेच थांबवतात. तीन अवयव गमावलेला शूर कॅप्टन, पुढे सिनेटर. मला मात्र त्यांनी मधल्या वर्षांत केलेलं एक काम सगळ्यांत मोठं वाटतं.

१९६९ साली, स्वतः अजून जखमांतून सावरत असताना, त्यांनी सिनेटच्या समितीपुढे जाऊन परतलेल्या जखमी सैनिकांचे हाल सांगितले. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी माजी सैनिकांचं अख्खं खातंच त्यांच्या हाती दिलं. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. इतक्या कमी वयात त्या खुर्चीवर तोवर कुणी बसलेलं नव्हतं. व्हिएतनामहून आलेली पोरं सरकारी हॉस्पिटलची पायरी चढायला तयार नव्हती. झोप नाही, दारू, घरात भांडणं, आणि विचारलं तर ‘मला काही झालेलं नाही’. या दुखण्याला डॉक्टरांच्या पुस्तकात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नावसुद्धा मिळालं १९८० साली. त्याच्या एक वर्ष आधी, १९७९ मध्ये, क्लेलंड यांच्या कारकिर्दीत व्हेट सेंटर सुरू झाली. कायद्याची मागणी जुनी होती, वर्षानुवर्षं अडकून पडली होती, ती तेव्हा मार्गी लागली.

व्हेट सेंटर म्हणजे काय, तर हॉस्पिटलच्या आवारापासून दूर, बाजारपेठेत, एखाद्या दुकानाच्या गाळ्यात थाटलेलं काउन्सेलिंगचं ठिकाण. पैसे लागत नाहीत. तिथलं बोलणं तिथेच राहतं. आणि समोर ऐकायला बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःच लढून आलेला. सुरुवात व्हिएतनामच्या सैनिकांसाठी झाली, पुढे इतर युद्धांतल्यांनाही दार उघडलं. आज देशभरात अशी सुमारे ३०० केंद्रं आहेत.

हे वाचलं तेव्हा मला आमची ओसरी आठवली. आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, एकाहत्तरची लढाई केलेले. हवालदार म्हणून पेन्शनवर आले. खाटेखाली बुटांची जोडी असायची, टाचा भिंतीकडे, नाड्या सैल करून ठेवलेल्या, म्हणजे अंधारातही पाय थेट आत जावेत. गावात कोण हल्ला करणार होतं? पण मरेपर्यंत ती जोडी तशीच होती. आम्ही पोरांनी विचारलं, “आण्णा, लढाईत काय झालं?” की उत्तर ठरलेलं, “झालं ते झालं. जेवा.” आईलाही कधी काही सांगितलं नाही.

वर्षातून एकदा, बेंदराच्या आसपास, कोरेगावहून त्यांच्या पलटणीतले काका यायचे. त्या रात्री जेवणं झाली की दोघं ओसरीवर बसायचे आणि दोन-दोन वाजेपर्यंत आण्णांचा आवाज ऐकू यायचा. एरवी दिवसाला दहा वाक्यं न बोलणारा माणूस! आई आम्हाला आत घ्यायची, दार लोटायची आणि म्हणायची, “बोलू द्या त्यांना.” पुढचा महिनाभर आण्णा नीट झोपायचे. आईने मानसशास्त्राचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं, पण तिला हे कळलं होतं. क्लेलंड यांनी तीच ओसरी सरकारी खर्चाने गावोगाव उघडली, असं मला मनापासून वाटतं.

आणि हा माणूस स्वतः आत काय घेऊन फिरत होता बघा. ग्रेनेड आपलाच होता, आपल्याच हलगर्जीपणाने आपण आपलं वाटोळं केलं, हे ओझं त्यांनी ३१ वर्षं वागवलं. १९९९ मध्ये त्यांना टीव्हीवर ही हकीकत सांगताना डेव्हिड लॉइड नावाच्या मरीनने, म्हणजे अमेरिकेच्या मरीन दलातल्या जुन्या सैनिकाने, पाहिलं. स्फोटानंतर धावत जाऊन त्यांना पट्ट्या बांधणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याने फोन केला आणि सांगितलं, तो ग्रेनेड तुमचा नव्हता. एका नवख्या सैनिकाचा होता, त्याने ग्रेनेडच्या पिना सहज निघाव्यात म्हणून सरळ करून ठेवल्या होत्या. तोही जखमी झाला होता आणि ‘माझाच होता’ म्हणून रडत होता. एकतीस वर्षांनी एका सैनिकाने दुसऱ्याला फोन करून ते ओझं उतरवलं. त्या फोनबद्दल वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

२००२ ची सिनेटची निवडणूक क्लेलंड हरले. विरोधकांच्या जाहिरातीत बिन लादेन आणि सद्दाम यांचे फोटो दाखवून त्यांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवलं गेलं. व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेल्या, विरोधी पक्षातल्या सिनेटर मॅकेन यांनाही ते सहन झालं नाही. त्यात इराकचं युद्ध सुरू झालं आणि व्हिएतनाम परत अंगावर आलं. साठी ओलांडलेले क्लेलंड उपचारासाठी पुन्हा वॉल्टर रीडला गेले, १९६८ मध्ये जिथे पडून होते त्याच हॉस्पिटलात. आता आजूबाजूला इराक, अफगाणिस्तानातून आलेली पोरं. ज्याने इतरांसाठी काउन्सेलिंगची दारं उघडली, त्याने स्वतःसाठी ते मागितलं, आणि मागितलं हे चारचौघांत सांगितलं. सिल्व्हर स्टारइतकीच हिंमत यालाही लागते. आपल्याकडे सातारा-सांगलीत घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. तिथे पेन्शनचे कागद, कॅन्टीनचं कार्ड, सगळ्याची चौकशी होते. झोप लागते का, हे कोण विचारतं?

परवा मी कोरेगावच्या काकांना फोन लावला. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं. म्हटलं, “काका, आण्णा ओसरीवर तुमच्याशी काय बोलायचे?” बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गावाकडं कधी येतीयस? ये. बसून सांगतो. फोनवर नाही व्हायचं ते.”

जानेवारीचं तिकीट काढलंय.