दुसऱ्या मजल्याचा वॉर्डन

परवा सकाळी मी नारिंगी जाकीट घालून विद्यापीठात शिरलो, तर फाटकावरच्या नव्या गार्डने मला हटकलं. झाडूवाल्यांनी मागच्या दाराने जायचं, म्हणाला. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय मागच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची चावी मी गेले आठ दिवस शोधत होतो, हे त्याला सांगत कुठे बसणार?

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. इंदुरात पुष्कळ आहेत, त्यातलंच एक. माझ्या पेन्शनचे कागद अजून त्यांच्याच कपाटात आहेत.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले कितीतरी बंबवाले त्यात गेले, त्यांची ही आठवण. आमच्याकडे ही आठवण आजवर नोटीस बोर्डावर एक पोस्टर डकवून निघत असे. यंदा मात्र वरून पत्र आलं की पोस्टर पुरे, प्रत्यक्ष ड्रिल करा आणि दर मजल्याला एक फायर वॉर्डन नेमा. बैठकीत "दुसऱ्या मजल्यावर कोण?" असा प्रश्न येताच सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात डोकं घातलं. माझा चहा संपलेला होता.

वॉर्डनने काय करायचं? खोल्या आणि संडास तपासायचे, लोकांना जिन्याकडे हाकायचं, लिफ्टपाशी कुणाला फिरकू द्यायचं नाही आणि स्वतः सर्वांत शेवटी बाहेर पडायचं. घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "शेवटी कशाला? तू आधी नीघ. बाकीचे येतील त्यांचे ते."

आई जुन्या इंदुरातली. आगीच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा, कारण आमच्या इंदूरचा राजवाडा आजवर तीनदा जळला आणि त्यातली १९८४ची आग तिने गच्चीवरून पाहिलेली आहे. सात मजल्यांचा वाडा, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. "तुझा कितवा मजला?" तिने विचारलं. दुसरा, म्हटलं. "मग काही होत नाही," म्हणाली आणि विषय संपवला. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी वाजली. गुडघे धरलेत म्हणून जी बाई महिनाभर देवळात गेलेली नाही, ती ओल्याची आणि सुक्याची अशा दोन बादल्या घेऊन माझ्या आधी फाटकाशी उभी! २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर उगीच येत नाही.

तर ड्रिलच्या आधी पाहणी. इमारतीला दोन जिने आहेत. पुढचा सगळे वापरतात. मागचा आणीबाणीचा, पण त्यावर आणीबाणी आधीच येऊन बसली होती: चार लोखंडी कपाटं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तीन पायांची बाकं आणि कुठल्याशा स्नेहसंमेलनातला थर्मोकोलचा राजवाडा, सातही मजल्यांसकट. चौथ्यांदा जळायची सगळी तयारी होती बिचाऱ्याची. हे सामान हलवा म्हणून स्टोअरच्या बाबूंकडे गेलो. ते म्हणाले, "राइट-ऑफ झाल्याशिवाय हात लावता येत नाही." राइट-ऑफ कसं होतं? "फार लांबड आहे, सर. हां, आगीत जळाल्याचा पंचनामा असला तर लगेच होतं."

जिन्याच्या तोंडाशी एक जाडजूड दार आहे. ते कायम मिटलेलं असावं लागतं, म्हणजे एका बाजूचा धूर दुसरीकडे जात नाही. आमच्याकडे वाऱ्यासाठी ते सताड उघडं असतं, आणि मिटू नये म्हणून त्याला टेकण लावलेलं असतं लाल सिलेंडरचं. धूर अडवायचं दार आग विझवायच्या यंत्राने उघडं धरलंय, हे पाहून अग्निशमनाचे साहेब काही क्षण बोललेच नाहीत. मग वाकून त्यांनी सिलेंडरचा काटा पाहिला. तो हिरव्या पट्ट्यात हवा. आमचा लाल पट्ट्यात पडला होता, म्हणजे आतला दाब कधीच गेलेला. "टेकण म्हणून चांगला आहे," साहेब म्हणाले.

साहेबांनी आदल्या दिवशी प्रशिक्षण दिलं. पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दांडी दाबा आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा. सिलेंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, तेव्हा ज्वाळांच्या शेंड्यावर उडवून तो फुकट घालवू नका. तत्त्वज्ञानाच्या सरांनी लगेच हात वर केला. मूळ म्हणजे आगीचं कारण अभिप्रेत आहे का? "नाही सर, खाली. जिथे जळतंय तिथे." विजेच्या आगीवर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर वापरा, पण त्याचा भोंगा उघड्या हाताने धरू नका, गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते, हे ऐकून केमिस्ट्रीच्या बाई एवढ्या खूश झाल्या की पुढची दहा मिनिटं त्यांनीच घेतली. मग धुराचा विषय निघाला. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा खाली राहते, म्हणून वाकून, वेळ पडली तर रांगत बाहेर या. यावर डीन सरांनी विचारलं, "ज्यांचे दोन्ही गुडघे बदललेत त्यांनी?"

साहेबांनी विचार केला. "सर, आपण जरा लवकर निघा."

ड्रिलच्या दिवशी बरोबर अकराला भोंगा वाजला आणि कुणीही हललं नाही.

मला वाटलं होतं पळापळ होईल, मी हात पसरून लोकांना शांत करीन. मनात दोन वाक्यं घोकून ठेवली होती. पण जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता. एकाला वाटलं यूपीएस बोंबलतोय, एका बाईंनी पर्स उघडून स्वतःचा मोबाईल तपासला. मी खोल्याखोल्यांतून ओरडत सुटलो. लेखा विभागात मोठे बाबू मान वर न करता म्हणाले, "लेखी काही आलंय का?" आग लेखी कळवत नाही, म्हटलं. "मग आम्हाला माहिती कशी असणार?" पीएच.डी.च्या खोलीतली मुलगी म्हणाली की धडा आज दिला नाही तर गाइड जे करतील त्यापुढे आग बरी. तिला मी फार आग्रह केला नाही, तिचे गाइड मला माहीत आहेत.

जे निघाले ते सामानासकट निघाले. डबा, हेल्मेट, छत्री (एप्रिलमध्ये!), आणि एका सरांनी तर खुर्चीवरची उशी. लिफ्टपुढे आठ जणांची रांग. वीज गेली तर मध्येच लटकाल, त्या बोगद्यात धूर भरतो, असं मी कळवळून सांगितलं. "अहो, पण ड्रिलच आहे ना? खरी आग असती तर जिन्यानेच गेलो असतो." संडास तपासायचा म्हणून मी दार ठोठावलं तर आतून "इथे तरी सोडा हो!" असा आवाज आला. आवाज ओळखीचा होता. नाव लिहीत नाही, पेन्शन.

जमायची जागा म्हणजे बाहेरचा कडुनिंब. तिथे पाटी आहे, आणि पाटीखाली पोहेवाल्याची गाडी. हजेरीत त्रेसष्ट लोक होते. मी मोजले तर एकाहत्तर भरले. लोक आत अडकलेले असताना आकडा वाढतो कसा? पुन्हा मोजलं, तरी तेवढेच. मग कळलं की शेजारच्या इमारतीतले लोक गर्दी पाहून आले होते आणि सगळ्यांच्या हातात शेव-जिरावण घातलेले पोहे होते. पोहेवाल्याने माझ्या जाकिटाकडे पाहून विचारलं, "भिया, बर्थडे किसका है?"

साहेब घड्याळ धरून उभे. एकोणीस मिनिटं झाली होती, आणि लेखा विभाग अजून आतच. मागचं दार बंद ते बंदच. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पान माझ्यापासून जरा तिरपं धरलं.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं.

धाडकन मागचं दार उघडलं. आधी सफाईच्या मावशी बाहेर आल्या, एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी, कमरेला चाव्यांचा जुडगा. त्यांच्यामागे लेखा विभागाचे मोठे बाबू कचऱ्याची टोपली घेऊन, त्यांच्यामागे पीएच.डी.ची मुलगी फाडलेल्या धड्यासकट, आणि मग रांगेने आणखी सात-आठ जण. कपाटं, गठ्ठे, थर्मोकोल, सगळं ओलांडून. साहेबांनी घड्याळ पुन्हा दाबलं आणि माझ्यापुढे धरलं. बेचाळीस सेकंद.

मी मावशींकडे धावलो. "मावशी, या दाराची चावी तुमच्याकडे होती? मी आठ दिवस शोधतोय!"

"रोज याच दाराने कचरा काढते, सर. मला कुणी विचारलंच नाही." त्यांनी निळी बादली गाडीत उलटी केली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ते जाकीट कुठून मिळालं पण? आमची अजून आली नाहीत."