वय तीनदा उमटते, त्यात २५९ ची जादू नाही

‘आपल्या वयाला २५९ ने गुणा, उत्तराला ३९ ने गुणा, वय सलग तीनदा उमटेल’ असा एक संदेश सर्रास फिरत असतो. या संख्यांचा माणसाच्या वयाशी गूढ संबंध आहे, अशी दुसरी जोडी नाही आणि हे प्रत्येकाच्या वयाला लागू पडते, अशी तीन विधानेही त्याला जोडलेली असतात. गुणाकार चोख आहे. विधाने मात्र तिन्ही चुकीची आहेत.

आधी गूढ संबंध पाहू. वय ३४ धरले, तर ३४ × २५९ = ८८०६ आणि ८८०६ × ३९ = ३४३४३४. गुणाकार दोन टप्प्यांत केल्यामुळे नजरेआड राहते ते एवढेच, की २५९ × ३९ = १०१०१, म्हणजे वयाला शेवटी १०१०१ नेच गुणलेले असते. ही संख्या १००००, १०० आणि १ यांची बेरीज असल्याने ३४०००० , ३४०० आणि ३४ अशा तीन रकमा मिळतात. त्या एकाखाली एक मांडल्या, की प्रत्येक ३४ आपापल्या दोन घरांत बसतो आणि बेरजेत हातचा धरण्याची वेळच येत नाही. वयाऐवजी पुस्तकाचा पृष्ठक्रमांक घेतला, तरी हेच घडेल.

दुसरी जोडी नाही, हे विधान तर एका ओळीत निकालात निघते. १०१०१ = ३ × ७ × १३ × ३७; हे चार अवयव हवे तसे वाटून घेतले, तर एकचा अवयव सोडून सात जोड्या मिळतात. १११ × ९१ किंवा ७७७ × १३ करून पाहावे. अर्थात १११ किंवा ७७७ पाहताच कोणालाही शंका येईल; २५९ आणि ३९ यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि ही निवड करणाऱ्याच्या चतुराईला मात्र दाद द्यावी लागेल.

राहिले प्रत्येकाचे वय. सात वर्षांच्या मुलासाठी उत्तर ७०७०७ येते, कारण एका अंकापुढे एक घर रिकामे राहते. १०४ वर्षांच्या आजींसाठी ते १०५०५०४ येते. तीन अंक दोन घरांत मावत नाहीत आणि शेजारच्या रकमेत मिसळतात. आजींचे वय तीनदा उमटवायचे असेल, तर घरे तीन-तीन हवीत, म्हणजे गुणक १००१००१ हवा. तो ३ × ३३३६६७ असा फोडता येतो आणि उत्तर १०४१०४१०४ मिळते.